काळ्या मातीचा समुद्रातला माग

बंगालच्या उपसागराच्या तळाशी साचलेला गाळ समजून घ्यायचा असेल तर सुरुवात वर्धा जिल्ह्यातल्या शेतापासून करावी लागते, हे विधान पहिल्यांदा ऐकताना ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. सिंदी (रेल्वे) पासून कोणत्याही बाजूचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. अलीकडे ‘ड्राय पोर्ट’मुळे या गावाचे नाव जवाहरलाल नेहरू बंदराशी जोडले गेले, पण ते बंदर मालगाड्यांचे आणि कंटेनरचे. पाण्याचा खरा संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. पावसाळ्यात इथल्या शेतांतून गढूळ होऊन निघालेले पाणी वणा नदीच्या खोऱ्यात उतरते. वणा वर्धा नदीला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यापाशी आपला गाळ समुद्राच्या हवाली करते. या गाळातल्या काही कणांना चुंबकत्व असते. ते कण कुठून आले, किती आले आणि समुद्रतळाशी गेल्यावर त्यांच्यावर काय गुदरले, हे मोजता येते. माझे म्हणणे असे की ही मोजणी भूतकाळातल्या समुद्राविषयी आणि जमिनीविषयी विश्वासार्ह साक्ष देते. मात्र त्या साक्षीवर सरळ विश्वास ठेवला तर ती फसवते, आणि तिची उलटतपासणी घेतली तरच ती खरे बोलते.

आधी ही माती चुंबकीय का, ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर ओतले जाऊन दख्खनचा काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. या खडकात लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड असलेले बारीक स्फटिक असतात. त्यांना टायटॅनोमॅग्नेटाइट म्हणतात. खडक कुजून माती झाली तरी यातले बरेच कण टिकून राहतात. ओढ्याच्या काठच्या कोरड्या रेतीत लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची मिशी फुटते, ती यांचीच. इथे एक खुलासा करायला हवा. कापसाच्या जमिनीचा काळा रंग आणि तिचे चुंबकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंगात चिकणमाती आणि तिला घट्ट बिलगलेले सेंद्रिय द्रव्य यांचा मोठा वाटा असतो, आणि माती काळी दिसली म्हणजे ती जास्त चुंबकीय असेलच असे नाही. डोळ्यांना जे दिसत नाही ते उपकरणाला कळते, म्हणून तर ही पद्धत उपयोगी पडते.

सिंदीची जागा या बाबतीत मोक्याची आहे. दख्खनच्या बेसॉल्टची पूर्वेकडची हद्द नागपूरच्या आसपास संपते. त्याच्या पलीकडे भंडारा-गडचिरोलीकडे अतिप्राचीन नाइस आणि ग्रॅनाइटचे खडक आहेत, दक्षिणेला चंद्रपूर-वणीकडे कोळसा पोटात घेतलेले गोंडवना काळातले वालुकाश्म आहेत. म्हणजे वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या ज्या मातीतून वाहतात ती मुळातच वेगवेगळी आहे. वर्धेच्या गाळात बेसॉल्टचा अंश ठळक, तर वैनगंगेच्या गाळात नाइसमधून सुटलेल्या गारगोटीचा आणि अभ्रकाचा भरणा. गोदावरीचे पूर्ण खोरे सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरचे, आणि त्याचा साधारण निम्मा भाग बेसॉल्टवर आहे. समुद्रात पोचलेल्या चिमूटभर गाळात बेसॉल्ट किती आणि नाइस किती याचे प्रमाण काढता आले, तर त्या वेळी खोऱ्याच्या कोणत्या भागाची धूप जास्त होत होती हे सांगता येते.

हे प्रमाण काढण्याची पहिली पायरी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. जहाजावरून समुद्रतळात लांब नळी खुपसून गाळाचा उभा दंडगोल बाहेर काढतात. तळाचा गाळ थरांनी साचलेला असल्याने वरून खाली जाणे म्हणजे काळात मागे जाणे. हा दंडगोल न कापता एका कड्यातून सरकवतात. कड्यात अगदी क्षीण चुंबकक्षेत्र निर्माण केलेले असते आणि त्याला गाळ किती प्रतिसाद देतो ते दर काही सेंटिमीटरवर नोंदले जाते. याला चुंबकीय ग्रहणशीलता म्हणतात. त्यावरून ढोबळमानाने चुंबकीय कण किती, एवढेच कळते. पुढे निवडक नमुन्यांना प्रयोगशाळेत कमी-जास्त जोराच्या क्षेत्रांत ठेवून त्यांनी धरून ठेवलेले चुंबकत्व मोजतात. त्यावरून कण भरड की अतिसूक्ष्म हे कळते, आणि ते सहज चुंबकित होणारे मॅग्नेटाइट आहे की हट्टी हेमॅटाइट, म्हणजे तांबड्या गंजाच्या जातीचे खनिज, हेही उलगडते. किती, केवढे आणि कोणते, अशा तीन प्रश्नांची तीन स्वतंत्र उत्तरे मिळतात. रॉय थॉम्पसन आणि फ्रँक ओल्डफील्ड यांच्या १९८६ सालच्या पुस्तकाने या सगळ्याला पर्यावरणीय चुंबकशास्त्र या नावाने एक घर मिळवून दिले. महाराष्ट्राला चुंबकीय मोजमापाची परंपरा नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, तेव्हापासून म्हणजे १९०४ पासून अलिबागला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी होत आहेत. त्या वेधशाळेचे काम पाहणाऱ्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत गाळाच्या आणि मातीच्या चुंबकत्वावरही संशोधन चालते.

पद्धत समुद्रात खरोखर चालते का, याचे सर्वांत ठाशीव उदाहरण अरबी समुद्रातले आहे. १९८९ साली यान ब्लूमेन्डाल आणि पीटर डीमेनोकल यांनी अरबी समुद्राच्या आणि आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या तळातील गाळाची ग्रहणशीलता मोजून दाखवले की वाळवंटातून वाऱ्याने उडून येणाऱ्या धुळीची लय सुमारे २४ लाख वर्षांपूर्वी बदलली. त्याच सुमारास उत्तर गोलार्धात मोठी हिमयुगे सुरू झाली होती. गाळात धूळ आली की चुंबकत्व वाढते आणि समुद्री जीवांच्या चुनखडी कवचांचे प्रमाण वाढले की ते कमी होते, एवढ्या साध्या तत्त्वावर हे अनुमान उभे होते.

बंगालच्या उपसागरात मात्र मामला गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे गाळ ओतणारे दावेदार अनेक. सर्वांत मोठा वाटा हिमालयाचा. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी आणलेल्या गाळाचा अवाढव्य पंखा श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत पसरला आहे. या पसाऱ्यात गोदावरीचा गाळ ओळखायचा कसा? २००१ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात सतीश सांगोडे, एन. सुरेश आणि टी. एन. बागती यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांचे उत्तर ग्रहणशीलतेच्या नकाशात होते. हिमालयातून येणारा गाळ चुंबकीयदृष्ट्या फिका. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणारा त्याच्या तुलनेत तीव्र. त्यामुळे उपसागरात जिथे ग्रहणशीलता चढते तिथे गोदावरीचा हात दिसतो. सांगोडे पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात प्राध्यापक झाले आणि महाराष्ट्रातल्या नद्यांच्या गाळावर चुंबकशास्त्राचे काम इथे रुजले, हे मला या विषयातले एक महत्त्वाचे वळण वाटते. समुद्रात सापडलेल्या खुणेचा उगम जिथे आहे त्याच प्रदेशात तिचा अभ्यास होऊ लागला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सरळ आहे आणि बराचसा योग्य आहे. समुद्रतळाच्या गाळात बेसॉल्टचे चुंबकत्व वाढलेले दिसले, तर आपण झटकन म्हणतो की पाऊस जास्त पडला, धूप जास्त झाली, नदीने जास्त माती आणली. हे समीकरण मनाला इतके पटते की ते तपासावेसे वाटत नाही. पण गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १,२७० मीटर खोलीवरून काढलेल्या एका दंडगोलाने ते उलटे केले. या दंडगोलात गेल्या सुमारे ११,००० वर्षांची नोंद आहे. २०१२ साली कॅमिलो पॉन्टन, लिव्हिउ जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या गाळात टिकून राहिलेल्या पानांवरच्या मेणाचे रासायनिक विश्लेषण केले. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून मध्य भारत कोरडा होत गेला आणि कोरड्या हवेत तग धरणाऱ्या वनस्पती वाढल्या, असे त्यातून दिसले. २०१७ साली जोसान यांच्या गटाने त्याच दंडगोलातला जमिनीवरून आलेला गाळ तपासला, निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून तो कोणत्या खडकाचा हे ओळखले, आणि निष्कर्ष काढला की मोसमी पाऊस मंदावला त्या काळात धूप घटली नाही, वाढली. पुढे दख्खनच्या पठारावर शेती पसरली आणि लोहयुगात ती सघन झाली, तशी ती आणखी वाढली.

वरवर उफराट्या वाटणाऱ्या या निष्कर्षाचे कारण विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. झाडोरा आणि गवत दाट असेल तर मुसळधार पावसातही माती जागची हलत नाही. पाऊस कमी आणि लहरी झाला, जमीन उघडी पडली, की मग वर्षातून दोन-चार वेळा येणारी जोराची सर सुपीक थर घेऊन जाते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत तर पहिल्या पावसाला वाट तयारच असते. लोहयुगातली शेती म्हणजे कुठली, याची उत्तरेही याच भागात सापडतात. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथे लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली, माहुरझरी आणि जुनापाणी इथे शिळावर्तुळांच्या दफनांत लोखंडी हत्यारे मिळाली. वर्धा शहराजवळ धाम नदीच्या काठी पवनार इथे १९६७ साली झालेल्या उत्खननात प्राचीन वस्तीचे थर उघडे झाले. कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ हाती आलेली माणसे या खोऱ्यात राहत होती. त्यांच्या जमिनीतून सुटलेल्या मातीचा काही भाग आंध्रच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रतळावर असणार, हे अनुमान म्हणून मांडायला मला संकोच वाटत नाही.

मग आक्षेप खरा ठरला का? अर्धा. चुंबकत्व हे ‘काय आले आणि किती आले’ सांगते, ‘का आले’ हे सांगत नाही. कारण शोधायला पानांवरचे मेण, परागकण, समस्थानिक असे दुसरे साक्षीदार लागतात. जे संशोधक एकट्या ग्रहणशीलतेच्या आलेखावरून पावसाचा इतिहास लिहितात त्यांच्याविषयी साशंक राहणेच योग्य. पण ‘किती आणि कोणते’ हे आधी कळले नाही तर ‘का’ विचारायचे कशाविषयी?

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो, आणि माझ्या मते हा विषय खऱ्या अर्थाने इथेच समुद्राचा होतो. समुद्रतळ ही काही कुलूपबंद तिजोरी नाही. गाळात पुरलेल्या सेंद्रिय द्रव्यावर सूक्ष्मजीव जगतात. आधी ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग मँगेनीज आणि लोहाची ऑक्साइडे, आणि शेवटी समुद्राच्या पाण्यात मुबलक असलेले सल्फेट. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, ज्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हा वायू मॅग्नेटाइटला विरघळवतो आणि त्यातल्या लोहाचे पायराइट करतो. पायराइटला चुंबक धरत नाही. याचा अर्थ, दख्खनहून आलेला कण समुद्रतळाखाली काही मीटरवर रासायनिक रीतीने नाहीसा होऊ शकतो. आलेखात चुंबकत्व घसरलेले दिसेल आणि आपण म्हणू, त्या काळी गोदावरीने बेसॉल्टची माती आणलीच नाही. प्रत्यक्षात तिने आणली, समुद्राने खाल्ली. आक्षेप घेणारा विचारतो: पुसलेल्या पाटीवरून काय वाचणार?

याचे उत्तर गोदावरीच्याच दारात मिळाले. कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांसमोरचा समुद्रतळ गॅस हायड्रेटसाठी प्रसिद्ध आहे. गॅस हायड्रेट म्हणजे थंडी आणि दाब यांमुळे बर्फासारख्या जाळीत कोंडलेला मिथेन वायू. २००६ साली भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाने ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजातून केलेल्या खोदाईत इथे एका ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर सापडला. पुढच्याच वर्षी ‘मारियों द्युफ्रेन’ या फ्रेंच जहाजाने याच भागातून लांब दंडगोल काढले. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले पवन देवांगन, फिरोज बडेसाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूचुंबकत्व संस्थेच्या एन. बसवय्या यांच्यासह त्यांचे चुंबकत्व तपासले. खालून वर झिरपणारा मिथेन आणि वरून खाली उतरणारे सल्फेट जिथे एकमेकांना भेटतात त्या पट्ट्यात सूक्ष्मजीव दोन्हींचा फडशा पाडतात आणि हायड्रोजन सल्फाइड भरपूर तयार होतो. तिथे मॅग्नेटाइट विरघळते, पायराइट साठते, चुंबकत्व कोसळते. मिथेन जोरात येत असेल तर हा पट्टा तळाच्या जवळ येतो, जोर ओसरला की खोल जातो. म्हणजे चुंबकत्व पुसले गेले ती जागा मिथेनचा जोर केव्हा किती होता हे सांगते. काही थरांत तर सल्फाइड अपुरे पडल्याने अभिक्रिया पायराइटपर्यंत पोचण्याआधीच थांबते आणि ग्रेगाइट नावाचे लोहाचे सल्फाइड उरते. ते स्वतः चुंबकीय असते. म्हणून तिथे चुंबकत्व उलट वाढलेले दिसते, जणू जमिनीवरून जास्त माती आली. फरक ओळखायला ग्रेगाइटची स्वतःची लक्षणे तपासावी लागतात. तापवल्यावर ते मॅग्नेटाइटच्या बरेच आधी मोडते, हे त्यातले एक.

पुसण्यालाही नियम असतात, हा या उत्तराचा गाभा. सूक्ष्म कण आधी विरघळतात, भरड नंतर. त्यामुळे सूक्ष्म कणांचे चुंबकत्व गेले पण भरड कणांचे शिल्लक आहे, असा थर दिसला की तिथे रसायन काम करून गेले असे समजावे. नदीने माती कमी आणली असती तर दोन्ही साधारण एकाच प्रमाणात घटले असते. बेसॉल्टचे काही स्फटिक तर सिलिकेटच्या कवचात बंदिस्त असतात आणि सल्फाइड त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय टायटॅनियम समुद्रतळाच्या रसायनात सहजी विरघळत नाही. टायटॅनियमचे प्रमाण जसेच्या तसे आणि चुंबकत्व मात्र घसरलेले, अशी जोडी दिसली की माती आली होती आणि तिचे चुंबकत्व नंतर गेले, हे ठरते. उलट, दोन्ही एकदम घटले तर मातीच कमी आली. या पद्धतीने एकाच दंडगोलातून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात: दख्खनवर काय चालले होते ती एक, आणि समुद्रतळाशी ऑक्सिजन, सल्फाइड, मिथेन यांची स्थिती काय होती ती दुसरी.

तिसरी गोष्टही मिळते, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. काही जिवाणू स्वतःच्या शरीरात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ तयार करतात आणि तिच्या आधाराने दिशा धरतात. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली त्यांचे वर्णन केले. हे जिवाणू ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या पातळीवर राहणे पसंत करतात. त्यांचे कण आकाराने जवळजवळ एकसारखे असल्याने मोजणीत वेगळे ओळखू येतात, आणि ते टिकून राहिलेला थर सापडला तर तळाशी त्या काळी किती श्वास शिल्लक होता याचा अंदाज बांधता येतो.

आणखी एक प्रश्न अनेकदा विचारला जातो: समस्थानिक आणि मूलद्रव्यांचे विश्लेषण जास्त नेमके असेल तर चुंबकत्वाचा खटाटोप कशाला? कारण नेमकेपणाची किंमत असते. समस्थानिकांसाठी प्रत्येक नमुना आम्लात विरघळवून महागड्या यंत्रातून न्यावा लागतो. दंडगोलावर अशी मोजकीच ठिकाणे परवडतात, आणि तो नमुना परत मिळत नाही. ग्रहणशीलता काही मिनिटांत मीटरभर मोजून होते आणि गाळ जसाच्या तसा राहतो. महागडे विश्लेषण कुठे करायचे हे आधी चुंबकत्वाने ठरवावे, असा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मर्यादित निधीत काम करणाऱ्या आपल्या विद्यापीठांसाठी तर तो जवळजवळ एकमेव मार्ग आहे.

पण या सगळ्या वाचनाला एक पाया लागतो, आणि तो सध्या झपाट्याने बदलतो आहे. समुद्रातला कण वणेच्या खोऱ्यातला की वैनगंगेच्या, हे सांगायचे तर या दोन्ही खोऱ्यांतल्या आजच्या मातीची आणि नदीगाळाची चुंबकीय ओळख गावोगाव नोंदलेली हवी. धरणांनी गाळ अडवल्यामुळे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात पोचणारा गाळ १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन होता, तो १९९० ते १९९८ या काळात पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. बोर धरणासारख्या जलाशयांत साचलेली माती ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ सालच्या योजनेतून पुन्हा शेतांत पसरवली जाऊ लागली. शेतकऱ्यासाठी ती उपकारकच आहे, पण तिच्यामुळे कोणत्या शिवारातली माती मूळची कुठली हे उद्या सांगणे कठीण होणार. त्यातच औष्णिक वीज केंद्रांची भर पडली. कोळसा जाळताना त्यातल्या लोहाचे वितळून मॅग्नेटाइटयुक्त सूक्ष्म गोल कण बनतात आणि उडत्या राखेबरोबर आजूबाजूच्या जमिनीवर व नद्यांत उतरतात. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही केंद्रे याच नदीव्यवस्थेत आहेत. बेसॉल्टचा कोपरेदार स्फटिक आणि राखेचा गुळगुळीत गोळा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसतात, पण ग्रहणशीलतेच्या आकड्यात ते एकच होऊन बसतात.

म्हणून वणा, बोर, धाम आणि नांद यांच्या काठांवरून, पुराच्या पाण्याने दरवर्षी टाकलेल्या गाळातून आणि खोल विहिरींच्या कडेला दिसणाऱ्या जुन्या थरांतून नमुने आत्ताच घ्यायला हवेत. हे काम मोठे नाही. प्रत्येक नमुन्याला चमचाभर माती पुरते, हातात धरता येणारे ग्रहणशीलतामापक मिळते, आणि नागपूरच्या विद्यापीठातले भूशास्त्राचे विद्यार्थी एका हिवाळ्यात सिंदीपासून हिंगणघाटपर्यंतचा पट्टा सहज पालथा घालू शकतात. विहिरीच्या कडेचे खोल थर वीज केंद्रांच्या आधीचे, वरचे त्यांच्यानंतरचे; दोन्ही शेजारी ठेवून मोजले तर राखेचा वाटा वजा करता येतो, आणि मग दोना पावलाला ठेवलेल्या दंडगोलातली वरची काही सेंटिमीटर कोणत्या शेतांतून आली हे विचारण्याला आधार मिळतो.